आयगर ट्रेल करून त्याच रात्री विमान? आल्प्समधल्या शेवटच्या दिवसाबद्दल

तुमचा प्रश्न मला असा समजला: तुम्ही दोघं, मुलगा १३, मुलगी ८ आणि आई ६६. ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनला ५ रात्री. पहिला दिवस लाउटरब्रुनेनची दरी, दुसरा म्युरेन, तिसरा बाखआल्पझे तळं, चौथ्या दिवशी शिनिगे प्लाटे ते फर्स्ट (हे केबल कारचं स्टेशन) हा मोठा ट्रेल, आणि शेवटच्या म्हणजे पाचव्या दिवशी सकाळी आयगर ट्रेल, दुपारी बॅगा उचलून ट्रेनने झुरिक, रात्री पावणेदहाची फ्लाईट. वेळ पुरेल का, आणि आईंना तेवढा वेळ कुठे बसवायचं.

वेळ पुरतो. कागदावर अगदी व्यवस्थित पुरतो, आणि तरी मी सांगेन की हे करू नका. फ्लाईट बदलायची गरज नाही, ट्रेल बदला.

मी मूळची नाशिकची, कॉलेजात असताना त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांत पाय घासलेले, आणि आता बरीच वर्षं बर्नजवळ राहते. उन्हाळ्यात वांडरलायटर म्हणून काम करते, म्हणजे दोर-बर्फ-हिमनदीवाला गाइड नाही, पायवाटांवर लोकांना नेणारी बाई. त्यात भारतातून आलेल्या फॅमिलीज पुष्कळ असतात, आजी-आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळे, आणि मला अनुभवाने एक गोष्ट कळलीय की ट्रिप फसली तर ती बहुतेक शेवटच्या दिवशीच फसते, कारण प्लॅन करताना आपण पहिल्या दिवशीचे पाय घेऊन पाचव्या दिवसाचा विचार करत असतो.

आधी साधी गोष्ट, जी नकाशावर पटकन दिसत नाही. तुमच्या बॅगा डोंगराच्या चुकीच्या बाजूला आहेत. आयगर ट्रेल आयगरग्लेत्शर स्टेशनपासून (२३२० मीटर) निघतो आणि आल्पिग्लेनला (१६१५ मीटरच्या आसपास) संपतो, आणि आल्पिग्लेन आहे ग्रिंडेलवाल्डच्या बाजूला. हॉटेल वेंगेनला, म्हणजे मधली क्लायने शायडेकची खिंड ओलांडून पलीकडे. ट्रेल संपला की परत दातेरी रेल्वेने खिंडीत चढायचं, तिथे गाडी बदलायची, वेंगेनला उतरायचं, हॉटेलातून बॅगा घ्यायच्या, मग लाउटरब्रुनेन, इंटरलाकेन ओस्ट, तिथून पुढे एअरपोर्ट. वेंगेनहून एअरपोर्टपर्यंत तीनेक तास धरा. बॅगा सकाळीच खाली इंटरलाकेनला लॉकरमध्ये टाकून यायचं म्हणाल तर तेही होतं, पण त्यात सकाळचे दोन-अडीच तास जातात आणि ते दोन तास नेमके स्वच्छ आकाशाचे असतात.

आता वेळेचं गणित. इकडे चालण्याच्या वेळेचा एक ठोकताळा वापरतात, सपाटीला तासाला ४ किलोमीटर, चढाला तासाला ३०० मीटर उंची, उताराला ५०० मीटर. आडव्या अंतराचा वेळ वेगळा काढायचा, उंचीचा वेगळा, दोन्हीतला मोठा पूर्ण घ्यायचा आणि लहानाचा अर्धा त्यात मिळवायचा. आयगर ट्रेल साधारण ६ किलोमीटर, म्हणजे दीड तास. उतार ७०० मीटर, म्हणजे एक तास चोवीस मिनिटं, त्याचे अर्धे बेचाळीस. एकूण सव्वादोन तासांच्या आत. वाटेवरच्या पिवळ्या पाटीवरही साधारण असाच आकडा दिसेल. पण त्या पाटीवरच्या वेळेत थांबणं धरलेलं नसतं! फोटो नाही, बुटाची लेस नाही, शू नाही, "आई मला भूक लागली" नाही. ८ वर्षांची मुलगी बरोबर असताना मी त्या आकड्याला दीडने गुणते आणि वर अर्धा तास टाकते, म्हणजे झाले पावणेचार तास. नाश्ता, चेकआउट, वर जाणारी गाडी धरून तुम्ही दहाला चालायला लागाल, पावणेदोनला आल्पिग्लेन, खाणं-पिणं अडीच-पावणेतीन, वेंगेन चार वाजता, बॅगा घेऊन साडेचारची गाडी, एअरपोर्ट साडेसात. फ्लाईट पावणेदहाची. बसतंय, पण एक गाडी चुकली, एक पाय मुरगळला, एक ढग आला तर तुम्ही एअरपोर्टच्या सरकत्या जिन्यावर धावत असणार आणि आई मागे. त्यात ट्रेलवर तुम्ही आयगरची भिंत, म्हणजे त्या डोंगराचा उभा कडा, बघणार नाही, घड्याळ बघणार.

पण वेळ हे माझं खरं कारण नाहीच. खरं कारण उतार.

आपल्या लोकांचा एक गैरसमज पक्का असतो, मीही त्यातलीच होते. चढ म्हणजे कष्ट, उतार म्हणजे सुट्टी. "आता काय, उतरायचंच तर आहे." सह्याद्रीत हे बऱ्यापैकी खपून जातं कारण आपण एका दिवसाचा ट्रेक करतो, दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून पाय भरून आले म्हणत कुरकुरतो आणि संपलं. आल्प्समध्ये सलग पाच दिवस चालायचं असतं. तुमचं म्युरेन गाव साधारण आपल्या कळसूबाईच्या उंचीवर आहे, कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे इकडे महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक जिथे येतं तिथे लोकांची घरं आणि शाळा आहेत आणि खरा डोंगर तिथून पुढे सुरू होतो. चढाला रेल्वे आणि केबल कार असल्यामुळे चढ आयता मिळतो, उतार मात्र आपण हौसेने पायी घेतो. मग होतं काय, की पाच दिवसांत चढलो थोडंच आणि उतरलो भरपूर.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, ब्रेक लावल्यासारखा. त्याने स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते आणि तिचं दुखणं लगेच येत नाही, २४ ते ७२ तासांत वर येतं. आता तुमचा प्लॅन बघा. चौथ्या दिवशी शिनिगे प्लाटे ते फर्स्ट. तो आहे १६ किलोमीटर, फाउलहॉर्न २६८१ मीटरपर्यंत चढायचं आणि मग फर्स्टपर्यंत ५०० मीटर उतरायचं, पाटीप्रमाणे सहा तास, तुमच्या फॅमिलीला आठ-नऊ. आणि दुसऱ्या दिवशी, बरोब्बर मांड्या भरून येण्याच्या वेळी, आयगर ट्रेलचा ७०० मीटर उतार. पायऱ्या उतरताना कठड्याला धरावं लागणारी माणसं तुम्ही खडीच्या पायवाटेवर उभी करणार. डोंगरात पायी फिरणाऱ्यांचे अपघात बघितले तर घसरणं, ठेचकाळणं, पडणं हेच सगळ्यात कॉमन, कड्यावरून कोसळणं वगैरे सिनेमातलं नाही, आणि ते होतं उतरताना, दमलेल्या पायांनी, "आता आलंच" असं वाटत असताना.

हे मी पुस्तकातून नाही शिकले, फ्रान्समधल्या शामोनीत शिकले. दादा, वहिनी, त्यांचा तेव्हा ११ वर्षांचा मुलगा आणि बाबा, वय ६७, नाशिकहून आले होते. माँ ब्लाँच्या भोवतीची जी मोठी प्रदक्षिणा आहे, १७० किलोमीटर, फ्रान्स-इटली-स्वित्झर्लंड, तिचे आपण फक्त शेवटचे तीन दिवस करू असं ठरलं. शेवटचा दिवस ला फ्लेजेरपासून ब्रेव्हाँच्या टोकावरून ले झूश गावात उतरायचा. ब्रेव्हाँ २५२५ मीटर, ले झूश १००७ मीटर. दीड हजार मीटर सरळ खाली. मला आकडा माहीत होता हो, पण प्रदक्षिणा जिथे संपते तिथेच संपवायची, फिनिश करायची, ही खाज माझीच होती. ब्रेव्हाँच्या टोकावर आम्ही दुपारी पोचलो, समोर माँ ब्लाँ असा उघडा पडलेला, बाबा म्हणाले "इतकं बरं मला पहिल्या दिवशीही वाटत नव्हतं", दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली, आणि तिथेच मागे केबल कार उभी होती, खाली शामोनीत नेणारी. आम्ही तिला टाटा केला आणि चालायला लागलो.

बेलाशाच्या हटपर्यंत ठीक. तिथे चहा घेतला, हटवाल्या मुलीने बाबांच्या गुडघ्यांकडे एकदा बघितलं आणि काही बोलली नाही. त्यानंतर जंगलातून वळणं, वळणं, वळणं. हजार मीटर उरले असताना बाबांचा उजवा गुडघा वाकेना. वहिनीचे अंगठे बुटाच्या पुढच्या टोकाला आपटून आपटून नखं काळी झाली होती, ती बूट काढून सॅंडलवर आली. भाच्याने रडणं सुरू केलं, पाय दुखत होते म्हणून नव्हे तर मोठ्यांचे चेहरे बघून. बाबा बाजूने, खेकड्यासारखे, एकेक पाऊल. जे तीन-साडेतीन तासांत व्हायचं त्याला सात तास लागले, शेवटचा तास टॉर्चवर. परत जायला केबल कार नाही, जवळ गाडीरस्ता नाही. बाबा एकदाच बोलले, "बाळा, हे वरच ठरवायला हवं होतं." पुढचे चार दिवस ते जिना उलटे उतरत होते.

तर गोम अशी आहे. उतरायचं कसं हा निर्णय वरच्या स्टेशनवर घ्यावा लागतो, आणि नेमकं वरच्या स्टेशनवर सगळ्यांना सगळ्यात छान वाटत असतं. म्हणून मी हल्ली हा निर्णय आदल्या रात्री जेवताना घेते. उद्या कुठून केबल कार पकडायची, किती वाजता, कोणत्या परिस्थितीत त्याच्याही आधी. वर गेल्यावर मत बदललं तर फक्त कमी चालायच्या बाजूने बदलायचं, जास्तीच्या बाजूने नाही.

तिथेच "लेट्स्टे टालफार्ट" हे दोन शब्द ओळखायला शिका, शेवटची खाली जाणारी फेरी. प्रत्येक केबल कारच्या स्टेशनवर पाटी असते. सकाळी वर जातानाच तिचा फोटो काढून ठेवा. वेळा सीझनप्रमाणे बदलतात, कुठे पाच, कुठे सहा, म्हणून गेल्या वर्षी कोणी लिहिलेलं बघून जाऊ नका. फर्स्टची शेवटची फेरी चुकली तर खाली ग्रिंडेलवाल्ड ११०० मीटर आहे आणि ते सगळं गुडघ्यांच्या खात्यात जमा होतं.

मग ऑगस्ट. ऑगस्टमधली वादळं दुपारी येतात, सकाळी निळंशार आणि दोन-तीन वाजता गडगडाट. मेटिओस्विस या इथल्या हवामान खात्याचं अ‍ॅप फुकट आहे, आदल्या संध्याकाळी आणि सकाळी दोन्ही वेळा बघायचं. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी गेले तर वादळ १० किलोमीटरच्या आत आलंय, धारेवर, एकट्या झाडाखाली, तारांच्या कुंपणाजवळ, लोखंडी साखळ्यांजवळ थांबायचं नाही. आता फ्लाईट नसेल तर तुम्ही सरळ म्हणता चला आज राहू दे, हॉटेलात पत्ते खेळू. फ्लाईटच्या दिवशी माणूस असं म्हणत नाही, तो म्हणतो "पटपट गेलो तर होईल". हे पटपट फार वाईट.

आता मी असते तर काय केलं असतं.

शेवटच्या दिवसाची वाट मी दोन गोष्टींवर निवडते. एक, ती संपावी तिथे जिथे बॅगा आहेत. दोन, ती न केली तरी काही बिघडू नये. तुमच्या वेंगेनमधून अशी एक वाट आयती आहे. सकाळी बॅगा भरून हॉटेलच्या खोलीत, म्हणजे त्यांच्या सामानाच्या खोलीत ठेवायच्या, हे सगळी हॉटेलं करतात. गावातूनच मेन्लिखेनची केबल कार, काही मिनिटांत वर २२०० मीटरच्या पुढे. वर मुलांसाठी लाकडाची भली मोठी गाय आहे, खेळायला, तिथे अर्धा तास सहज जातो आणि तुमची मुलगी परत यायला तयार होणार नाही हे लिहून ठेवा. तिथून क्लायने शायडेकपर्यंत पॅनोरामा ट्रेल, साडेचार किलोमीटरच्या आत, उतार जेमतेम दीड-पावणेदोनशे मीटर, तोही सौम्य, पाटीप्रमाणे दीड तास. समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिघं ओळीने, आयगर ३९६७ मीटर, बाकीचे दोघं चार हजाराच्या वर, आणि तुम्ही चालत त्यांच्याकडे जात असता, पाठ फिरवून नाही. आई हे करतील. म्हणजे बाकी सगळ्या दिवसांत त्यांना "तुम्ही इथे बसा" हे ऐकावं लागलं असेल तर शेवटच्या दिवशी त्या सगळ्यांबरोबर चालतील. शायडेकला जेवण, आणि दातेरी गाडीने अर्ध्या तासात परत वेंगेन. गोल पूर्ण. साडेनऊला वर गेलात तर दीड-दोनला खाली, अडीचची गाडी, साडेपाच-सहाला एअरपोर्ट, आरामात. पाऊस पडला तर? नाही गेलात. बॅगा तिथेच आहेत, गाडी तिथूनच आहे.

आयगर ट्रेल तिसऱ्या दिवशी टाका. तुम्ही चौघं शायडेकहून एक स्टेशन वर आयगरग्लेत्शरला जा आणि चालत उतरा, आई शायडेकलाच थोडं फिरून, कॉफी पिऊन, गाडीने आल्पिग्लेनला उतरतील, स्टेशनजवळच खायची जागा आहे, तिथे बसून गाईंच्या घंटा ऐकतील. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच. ही वेंगर्नआल्प रेल्वे १८९३ पासून चालू आहे आणि तिची स्टेशनं जणू आजी-आजोबांना वाटेवर ठिकठिकाणी भेटवण्यासाठीच बांधल्यासारखी आहेत. फक्त त्यांच्या फोनमध्ये स्टेशनचं नाव लिहून द्या, आणि कोणत्या बाजूची गाडी ते स्वतः बसवून द्या, कारण शायडेकला ग्रिंडेलवाल्डची आणि वेंगेनची गाडी शेजारी शेजारी उभ्या असतात आणि एकदा माझी एक मावशी हातात डबा घेऊन खुशाल उलट्या दिशेला गेली होती. ट्रेलवर मुलाला सांगा भिंतीत खिडक्या शोधायला. आत बोगद्यातून युंगफ्राउयोखची रेल्वे जाते, १९१२ मध्ये पूर्ण झाली, आणि कड्याच्या मधोमध तिच्या जुन्या स्टेशनच्या खिडक्या आहेत. दुर्बीण असेल तर उत्तम. १९३८ मध्ये चौघांनी ही भिंत पहिल्यांदा पूर्ण चढली हे सांगितलंत तर १३ वर्षांचा मुलगा पंधरा मिनिटं तरी फोन काढणार नाही.

चौथ्या दिवशी बाखआल्पझे, फर्स्टपासून ३ किलोमीटर, तासाभरात तळं, गेलात तसे परत, पायांना विश्रांतीच. शिनिगे प्लाटेचा मोठा ट्रेल सरळ काढून टाका. आठ वर्षांच्या मुलीला तिथे नेऊ नका. ती चालेल हो, मुलं चालतात, पण सहाव्या तासाला ती चालणं थांबवेल आणि तुम्ही दोघं पाळीपाळीने तिला पाठीवर घ्याल आणि मग मोडणार तुमचे गुडघे.

गुडघ्यांवरून आठवलं. काठ्या आणा, प्रत्येक मोठ्या माणसाला दोन, एक नाही. उतरताना त्या पाच-दहा सेंटीमीटर लांब करायच्या, आधी काठ्या खाली टेकवायच्या आणि मग पाय. पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, टाच आपटत उतरायचं नाही. निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा, हे ऐकायला फालतू वाटतं पण वहिनीला विचारा. उतरायच्या आधी थांबून लेस परत बांधायची, घोट्यापाशी आवळून, म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही. आणि माळ्यावरून काढलेले दहा वर्षांपूर्वीचे ट्रेकिंग शूज आणू नका, दिसायला नवे असतात पण तळव्यातला फोम नुसता ठेवून ठेवूनच कुजतो आणि सोल अख्खा निघून हातात येतो, मी दर उन्हाळ्यात एकाला तरी सोल चिकटपट्टीने बांधून खाली आणते. आईंना आत्तापासूनच रोज जिने उतरायला सांगा. चढायला लिफ्ट घेतली तरी चालेल, उतरायचे पायी. शेजारपाजारचे हसतील, हसू दे.

मुलांबद्दल एकच नियम मी लावते, पुढे पळायला हरकत नाही पण प्रत्येक पिवळ्या पाटीपाशी थांबायचं, सगळे आल्याशिवाय पुढची वाट धरायची नाही. पाट्यांवर नुसता पिवळा रंग म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, तिथे पाय बघून टाकायचे, आयगर ट्रेल त्यातला. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर फॅमिलीने मागे फिरायचं, विषय संपला.

आणि गाई! हे मी मराठी माणसांना मुद्दाम सांगते कारण आपल्याला गाय दिसली की हात आपोआप पुढे जातो. एका आजींनी माझ्यादेखत वासराच्या कपाळाला हात लावून नमस्कार करायला सुरुवात केली आणि वीस पावलांवरची त्याची आई मान खाली घालून निघाली. कुरणात वासरांसकट सोडलेल्या गाई वासराजवळ आलेल्याला सोडत नाहीत. लांबून, शांतपणे, वळसा घालून जायचं, काठ्या हलवायच्या नाहीत, पळायचं नाही. नमस्कार लांबूनच करा, पोचतो. कुंपणाचं दार उघडलं तर परत लावायचं, आणि पिवळ्या-पांढऱ्या पट्टीची तार असेल तर तिच्यात करंट असतो, मुलगी हात लावणारच म्हणून आधी सांगून ठेवा.

काही झालंच तर स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टर बचावाचा नंबर १४१४, तो रेगा या बचाव संस्थेचा, आणि ११२ तर सगळीकडे चालतो. फोनमध्ये घाला, आईंच्याही. प्रवासाचा विमा घेताना डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलण्याचा खर्च त्यात आहे का हे शब्दशः विचारून घ्या, "मेडिकल कव्हर आहे" एवढ्यावर समाधान मानू नका.

तिकिटांचं एक. स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ सलग दिवसांचा मिळतो. तुम्ही येणार तो दिवस धरून शेवटच्या दिवसापर्यंत सहा होतात, तेव्हा ६ दिवसांचाच घ्या, चारचा स्वस्त पडतो म्हणून घेतलात तर शेवटी एअरपोर्टचं तिकीट वेगळं काढावं लागेल आणि ते झोंबतं. पास वेंगेनपर्यंत चालतो, त्याच्या वर सवलत मिळते, फुकट नाही. मुलांना फॅमिली कार्ड मागून घ्या, ६ ते १५ वयाची मुलं पासवाल्या पालकांबरोबर फुकट जातात, पण मागितल्याशिवाय आपल्याला लक्षात राहत नाही.

शेवटचा दिवस रविवार येतोय का ते कॅलेंडरमध्ये बघा. रविवारी इकडे बहुतेक दुकानं बंद, चॉकलेटं शनिवारीच घ्या, नाहीतर एअरपोर्टवर घ्या, तिथलं सुपरमार्केट उघडं असतं. काठ्या आणि मुलाने घेतलेला लाल चाकू चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत राहिला तर सिक्युरिटीला तो गेला आणि मुलगा मुंबईपर्यंत तोंड फुगवून बसेल. विमानात अधूनमधून उठून चाला, विशेषतः आई. पोटऱ्या भरलेल्या असताना आठ-नऊ तास एका जागी बसणं बरं नाही.

खायला तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याचे लाडू आणि भाकरवडी आणा, डोंगरावरचं जेवण महाग आहे आणि तिसऱ्या दिवसानंतर चीज बघवत नाही. लिमलेटच्या गोळ्या मात्र जास्तीच्या आणा, उतारावर मुलांना पुढे न्यायला त्याच्यासारखं काही नाही आणि इकडे मिळत नाहीत. एक पाकीट उरलंच तर लाउटरब्रुनेनला गाडी बदलताना निरोप धाडा, मी उन्हाळ्यात बरेचदा तिथेच असते.